टॅटू काढण्याबाबत

मे महिन्यात पुण्यात कुणी मनगटापर्यंतच्या बाह्या घालून कामावर आलं, तर त्याला एक तर एसीखालची खुर्ची मिळालेली असते, नाहीतर काहीतरी लपवायचं असतं. आमच्या शाखेतला एसी गेली कित्येक वर्षं फक्त आवाज करतो, त्यामुळे पहिलं कारण बाद. काउंटर नंबर तीनवरची नवी मुलगी भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता, त्यावर रुंद पट्ट्याचं घड्याळ आणि घड्याळाच्या वर हातरुमाल गुंडाळून यायची, तेव्हा मला वाटलं, घाम फार येत असेल बिचारीला. आस्थापना विभागात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला याच्यापुढे सुचत नाही.

आस्थापना म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. रजा, हजेरी, बदल्या, वेतनवाढ ही वरची कामं. खालची कामं म्हणजे कुणी कुणाचा डबा उघडला, कुणाच्या चपला फार वाजतात, आणि लेडीज रूममधला आरसा कुणी तिरका केला. अशा एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात बसून मी ही कामं करतो. बँकेचं नाव सांगत नाही. निवृत्तीला एकच वर्ष राहिलंय आणि ग्रॅच्युइटी अजून त्यांच्याकडे आहे.

तर एक दिवस घड्याळाचा पट्टा तुटला. त्याच दिवशी एक पेन्शनर आजोबा पासबुक भरून घ्यायला आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांचं पत्र आवक नोंदवहीत दाखल झालं. अक्षर मोत्यासारखं. मजकूर असा: ‘आपल्या काउंटर क्र. ३ वरील कन्येच्या डाव्या मनगटावर निळ्या-काळ्या वेड्यावाकड्या रेषा आढळल्या. सदर प्रकार शाईचा असल्यास धुवावा, आजाराचा असल्यास उपचार करावा, आणि हौसेचा असल्यास याबाबत बँकेचे धोरण लेखी कळवावे.’

साहेबांनी समासात हिरव्या शाईनं लिहिलं: ‘आस्था. — नियम काय?’

नियम शोधायला मी सेवानियमांची फाईल खाली उतरवली. पोशाखाबद्दल आमच्याकडे दीड पान आहे. पुरुषांनी सदरा खोचावा, स्लीपर घालू नये, दाढी असल्यास ती ‘ठेवलेली दिसावी, राहिलेली दिसू नये’ (हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याला मी मनातल्या मनात कैकदा नमस्कार केलाय). पण पोशाख कातडीपाशी संपतो आणि टॅटू कातडीच्या आत सुरू होतो. तिथं आमचा एकही नियम पोचलेला नव्हता.

दरम्यान काउंटर नंबर तीनकडे वर्दळ वाढली. ज्यांना त्या बाजूला आयुष्यात काम नव्हतं, असे लोक पिना, टाचण्या, कार्बन पेपर मागायला तिकडून जाऊ लागले. कार्बन पेपर आता आम्ही वापरत नाही. येताना प्रत्येक जण एकेक निष्कर्ष घेऊन यायचा. कर्ज विभागाच्या मते तो थकबाकीचा आलेख होता, तोही गेल्या तिमाहीचा. हृदयात स्टेंट घातलेल्या आमच्या शाखाधिकाऱ्यांना तो ईसीजी वाटला, आणि त्यांनी तिला फार मायेनं विचारलं, “बाळ, जिना चढताना दम लागतो का?” शिपाईमामा म्हणाले, सर, पेनाचं रिफिल चाललं का बघायला लोक कागदावर ओढतात तसं दिसतंय. मुलगी सगळ्यांना “नाही सर, तसं काही नाही” एवढंच म्हणायची. प्रोबेशनवर असलेला माणूस कमी बोलतो.

मग बैठक झाली. साहेब अध्यक्ष, मी सचिव, वसुलीचे प्रमुख, आयटीतला एक तरुण, आणि महिला प्रतिनिधी म्हणून क्लिअरिंगमधल्या काकू. साहेबांचा मुद्दा सरळ होता. बँक म्हणजे विश्वास. लोक आयुष्याची पुंजी आपल्याकडे ठेवतात ती चेहऱ्याकडे बघून. उद्या कॅशियरच्या हातावर कवटी दिसली तर एफडी कोण ठेवणार?

आयटीतला मुलगा तयारी करून आला होता. तो म्हणाला, “सर, न्यूझीलंडच्या विमान कंपनीनं २०१९ पासून कर्मचाऱ्यांना दिसतील असे टॅटू चालतील म्हणून सांगितलं. तिथल्या माओरी लोकांमध्ये अंगावरचे टॅटू म्हणजे घराण्याची ओळख असते.”

“आपली विमानं आहेत का?” साहेब म्हणाले.

“नाही सर.”

“मग.”

खरं तर साहेबांना आणखी जोरदार उत्तर देता आलं असतं. आपल्याकडच्या विमानांत हवाईसुंदरीच्या गणवेशाबाहेर टॅटू डोकावलेला चालत नाही, तिची निवडच होत नाही. पण साहेब विमानातही बँकेचीच पुस्तिका वाचतात.

वसुलीप्रमुखांची अडचण वेगळी होती. त्यांच्याकडे एक पोरगा आहे, त्याच्या दंडावरून कोपरापर्यंत विंचू उतरतो. “त्याला फिरतीवर पाठवला की हप्ता न मागता येतो. तो विंचू झाकायला सांगू नका, एनपीए वाढेल.”

मी सचिव म्हणून आठवण करून दिली, की कर्जदाराला धाकदपटशा दाखवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

“अहो, तो बोलतच नाही काही! पाणी पिताना बाही वर सरकते, एवढंच.”

काकू गप्प बसून इतिवृत्ताचे मुद्दे टिपत होत्या. त्यांच्या कपाळावर मधोमध हिरवा ठिपका, हनुवटीवर तीन, आणि पेन धरलेल्या हातावर कोपरापर्यंत चढत गेलेलं तुळशीवृंदावन. एकतीस वर्षं त्या हातानं बँकेचे चेक पास होतात. त्या खोलीत चार माणसं टॅटूवर तासभर बोलली, आणि एकालाही त्या हाताकडे बघावंसं वाटलं नाही. मलाही नाही. हे मी नंतरच्या शहाणपणानं लिहितोय.

परिपत्रकाचा मसुदा माझ्याकडे आला. माझी पद्धत अशी, की नियम स्वतः तयार करायचा नाही, दुसऱ्याचा उचलायचा, म्हणजे चुकला तर दुसऱ्याचा. आमच्या दारावरचा बंदूकधारी माजी सैनिक. त्याला विचारलं, तर त्यानं तिथंच सावधान होऊन सगळं सांगितलं. केंद्रीय सशस्त्र दलांच्या भरतीत टॅटू चालतो, पण कुठंही नाही. हाताच्या आतल्या बाजूला, तोही डाव्या, कारण उजवा हात सलामीचा. किंवा पंजाच्या मागच्या बाजूला. आकार त्या अवयवाच्या पाव हिश्शापेक्षा कमी. देवाधर्माचं चिन्ह आणि नाव चालतं. आदिवासी जवानांच्या रूढीलाही सेना मान देते.

यावर कोर्टकज्जेही झालेत. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका उमेदवाराचं प्रकरण आलं, उजव्या हातावर धार्मिक चिन्ह होतं म्हणून औद्योगिक सुरक्षा दलानं त्याला नाकारलं होतं. त्यानं ते बरंचसं पुसूनही टाकलं होतं. न्यायालयानं त्याच्या बाजूनं कौल दिला. हे वाचून मला धीर आला. एवढ्या मोठ्या माणसांना जर हाताच्या कुठल्या बाजूला काय असावं यावर विचार करावा लागतो, तर मी कोण.

पाव हिश्शाचा नियम मला फार आवडला. त्यात गणित आहे, आणि गणितावर ऑडिटरला बोलता येत नाही. पण सलामीच्या हाताचं काय करायचं? बँकेत सलाम करतो तो फक्त दारावरचा. मग मी ‘ज्या हाताने ग्राहकास रोकड अदा केली जाते तो हात’ असा शब्दप्रयोग बसवला. डावखुऱ्या कॅशियरसाठी पोटकलम घातलं. दोन्ही हातांनी नोटा मोजणाऱ्यांसाठी आणखी एक. मोजमाप कोण घेणार, हा प्रश्न उरला. स्टेशनरीच्या कपाटात लाकडी पट्टी आहे, पण ती बारा इंची, आणि मनगट गोल असतं. साहेबांनी या सगळ्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘एका ओळीत द्या.’

एका ओळीत दिलं. ‘सर्व अधिकारी/कर्मचारी यांना कळविण्यात येते की, त्यांनी आपल्या शरीराच्या दर्शनी भागावरील टॅटू १५ दिवसांच्या आत काढावेत.’

पंधरा दिवस ही मुदत मी हवेतून घेतली नव्हती. २०२४ साली भुवनेश्वरात पोलिसांच्या एका सुरक्षा पलटणीला दिसणारे टॅटू काढून टाकायला नेमके १५ दिवस दिले होते, हे मी पेपरात वाचलेलं. लेझरच्या दोन बैठकांमध्येच दीडदोन महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं, आणि बैठका कितीतरी लागतात, हे मला नंतर कळलं. पण मुदत ही पाळण्यासाठी नसतेच, स्मरणपत्र पाठवता यावं म्हणून असते.

परिपत्रक सोमवारी निघालं. मंगळवारी सकाळी शिपाईमामा हातात त्याची प्रत घेऊन माझ्यापुढे उभे.

“सर, हे सगळ्यांना सक्तीचं आहे का?”

“हो तर.”

“मग खर्च बँक देणार, का आपण काढून बिल लावायचं?”

“कसला खर्च?”

“टॅटू काढायचा. जंगली महाराज रोडवर चौकशी केली मी. इंचावर पैसे घेतात. डिझाईन बँक देणार असेल तर सांगा, नाहीतर मी मारुती काढणार.”

मी परिपत्रक पुन्हा वाचलं. आणि तेहतीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्याच भाषेची भीती वाटली. मराठीत आपण टॅटू काढतो, म्हणजे अंगावर आणतो. आणि टॅटू काढतो, म्हणजे अंगावरून घालवतो. रांगोळी काढली की ती येते, चप्पल काढली की ती जाते. कर्ज काढलं की डोक्यावर बसतं, काटा काढला की पायातून निघतो. फोटो काढतात तो राहतो, दात काढतात तो राहत नाही, आणि नुसतेच दात काढतात तेव्हा कुणीतरी हसत असतं. बँकेत तर या क्रियापदावर आमचं पोट. लोक कर्ज काढतात आणि पैसे काढतात. पहिल्यानं आम्ही जगतो आणि दुसऱ्यानं घाबरतो. अशा क्रियापदाच्या भरवशावर मी एकशे ऐंशी माणसांना हुकूम सोडला होता.

दुपारपर्यंत तीन शाखांतून विचारणा आली. एका शाखेनं ‘दर्शनी भाग नेमका कोणता, कपाळ चालेल का’ असं विचारलं. दुसऱ्या शाखेतल्या एकानं मधुमेहामुळे सूट मागितली, सोबत डॉक्टरांचा दाखला जोडून. तिसरीनं अत्यंत आज्ञाधारकपणे कर्मचाऱ्यांची यादी आणि प्रत्येकापुढे ‘इच्छुक’ किंवा ‘अनिच्छुक’ असा शेरा पाठवला. इच्छुक अकरा निघाले. त्यांत ऑडिटचे एक गृहस्थ होते. त्यांना पाहून मला नेहमी २००८ सालचा ‘गजनी’ आठवतो, त्यातला नायक विसरू नये म्हणून कामांची यादी छातीवर गोंदवून हिंडतो. ऑडिटला तसा एक माणूस कायमचा हवाच आहे.

शुद्धिपत्रक काढणं आलं. (हे पुन्हा काढणंच.) मी लिहिलं: ‘टॅटू काढू नयेत.’ सही घ्यायला जाताना जिन्यात थांबलो. ज्यांच्या अंगावर टॅटू आहेत ते म्हणणार, बँकेनं आता काढू नयेत म्हणून सांगितलंय, म्हणजे राहू द्या. म्हणजे होकारार्थी लिहिलं तरी टॅटू वाढणार, नकारार्थी लिहिलं तरी टिकणार. परत येऊन खुर्चीत बसलो, चहा मागवला, आणि मग मला आपला जुना, स्वच्छ, एकाच अर्थाचा शब्द सापडला. गोंदवणे. ‘कर्मचाऱ्यांनी अंगावर गोंदवून घेऊ नये व गोंदलेले असल्यास ते झाकावे.’ वकिलालाही फट सापडणार नाही असं वाक्य.

प्रत टंकायला काकूंकडे गेली, कारण आमच्याकडे मराठी टंकन त्यांच्याशिवाय कुणाला येत नाही. दहा मिनिटांनी त्या कागद घेऊन आल्या. रागावल्या नव्हत्या. फक्त विचारलं, “कपाळ कशानं झाकू? रुमालानं का पदरानं?”

मी त्या कपाळाकडे बघत राहिलो.

माझ्या आजीचंही असंच होतं. दोन्ही हातांवर, कपाळावर, गालावर एक ठिपका. लहानपणी मी ते ठिपके मोजत झोपायचो. ती सांगायची, तिच्या वेळी सुईनं टोचून काजळाची शाई भरायचे, आणि चार बायका पोरीला धरून बसायच्या. सोनंनाणं सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं वर बरोबर येतं, ही तिची श्रद्धा. कोऱ्या अंगाची सून म्हणजे तिच्या लेखी हलगर्जीपणानं वाढवलेली पोर. म्हणजे माझ्या आजीच्या मापानं आमचं अख्खं संचालक मंडळ असंस्कृत ठरतं. आणि तीच आजी आज काउंटर नंबर तीनवर बसली, तर पेन्शनर आजोबांचं पत्र येईल का? नाही येणार. ते तिला वाकून नमस्कार करतील. तुळस म्हणजे संस्कार आणि रेषा म्हणजे थेर, हे आपण ठरवून टाकलंय, शाई तीच आणि सुईही तीच असली तरी.

मान्य, गोंदणाला वाईट वळणही लागलं होतं. कंपनी सरकारनं १७९७ साली बंगालात खोटी साक्ष देणाऱ्याच्या आणि बनावट कागद करणाऱ्याच्या कपाळावर गुन्हा गोंदवायची शिक्षा कायद्यात घातली, ती १८४९ पर्यंत चालली. बनावट कागद म्हटल्यावर हे थेट आमच्याच क्षेत्रात येतं. तरी त्याच इंग्रजांचा राजा पाचवा जॉर्ज तरुणपणी, १८८१ साली, आरमारातला पोरगा म्हणून जपानला गेला आणि हातावर ड्रॅगन काढून घेऊन आला. पुढे १९११ साली तो मुंबईला उतरला, त्याची आठवण म्हणून आपण गेटवे ऑफ इंडिया बांधला. नोटा-नाण्यांवर त्याचा चेहरा मिरवत होता तेव्हा ग्राहकांचा विश्वास काही उडाला नाही. पण राजाला पूर्ण बाह्या असतात, हा मुद्दा साहेबांनी काढला असता.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. टॅटूचं विजेचं यंत्र न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ’रायली यानं १८९१ साली पेटंट केलं, आणि ते बेतलं होतं एडिसनच्या विजेच्या पेनवर. आणि हे १८७६चं एडिसनचं पेन कशासाठी होतं? ऑफिसात पत्रकांच्या प्रती काढायला! सुई भराभर खालीवर होऊन कागदाला भोकं पाडायची, मग त्या भोकांतून शाई फिरवायची. त्याच घराण्यातून पुढे स्टेन्सिल आणि चक्रमुद्रण आलं. मी १९९२ साली बँकेत लागलो तेव्हा परिपत्रकं सायक्लोस्टाईलवरच निघायची. स्टेन्सिलवर चूक झाली की वर गुलाबी द्राव लावायचा, हाताला वास दिवसभर. म्हणजे परिपत्रक आणि टॅटू ही चुलत भावंडं. आणि मी एका भावाकडून दुसऱ्याला घराबाहेर काढत होतो.

शुद्धिपत्रक टेबलाच्या खणात राहिलं. तेवढ्यात बँकेचा वर्धापनदिन आला.

वर्धापनदिनाला आमच्याकडे रक्तदान शिबिर असतं. सभागृहात चार खाटा, केळी, ग्लुकोजची बिस्किटं, आणि फोटोग्राफर. रक्तपेढीच्या तरुण डॉक्टर बाई फॉर्म घेऊन बसल्या होत्या. काउंटर तीनची मुलगी रांगेत पहिली. डॉक्टरांनी विचारलं, “गेल्या वर्षभरात टॅटू काढलाय?”

मी तिथंच होतो. मला विचारायचं होतं, नेमका कुठल्या अर्थानं.

“आठ महिने झाले.”

“मग बारा महिने पुरे होऊ देत. सुईतून संसर्गाची शक्यता असते म्हणून नियम आहे. पुढच्या वर्षी नक्की या.”

हा नियम पाहून मला मनापासून आदर वाटला. कारण आहे, मुदत आहे, आणि मुदत संपली की तुम्ही पुन्हा चांगले. आमच्या सेवानियमांत असं एकही कलम नाही. मुलगी बाजूला होऊन बिस्किटं वाटायला लागली.

दुसरा नंबर साहेबांचा, कारण फोटो. साहेब पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात, बारा महिने, कफला बटण लावून. आम्ही तो रुबाब समजत होतो. खाटेवर पडल्यावर डॉक्टरांनी बाही वर करायला सांगितली. साहेब म्हणाले, दुसरा हात घ्या. डॉक्टर म्हणाल्या, त्या हाताची शीर सापडत नाही. सभागृहात उगीचच शांतता पसरली. बटण निघालं. बाही वर गेली.

मनगटाच्या चार बोटं वर, हिरव्या, फुटलेल्या, वाढत्या वयाबरोबर रुंदावलेल्या अक्षरांत साहेबांचं नाव होतं. त्याच्याखाली गावाचं. आणि नावात ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं होतं.

“हा कधीचा टॅटू?” डॉक्टर फॉर्मवर नजर ठेवून म्हणाल्या.

“टॅटू नाही हो. गोंदण आहे ते,” साहेब म्हणाले. मग खालच्या आवाजात, “शिखर शिंगणापूरची यात्रा. चुवाहत्तर साल. सहा वर्षांचा होतो. गर्दीत हरवलो तर पोलिसांना वाचता यावं म्हणून वडिलांनी.”

“हरवलात का मग?”

“नाही. वडीलच हरवले. संध्याकाळी मंदिराच्या पायऱ्यांशी सापडले.”

आम्ही कुणी हसलो नाही. पण त्या वेलांटीकडे माझी नजर पुन:पुन्हा जात होती. ज्या माणसानं तेहतीस वर्षं माझ्या वेलांट्यांवर हिरवी शाई चालवली, त्याच्या स्वतःच्या हातावर ती. असं मोठमोठ्यांचं होतं म्हणा. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमनं बायकोचं नाव देवनागरीत हातावर घेतलं, तर त्यात एक ‘ह’ जादा पडला म्हणून जगभर हसू झालं. हिंदीच्या हिशेबानं पडलाही असेल. आम्ही मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या ‘व्हिक्टोरिया’च लिहीत आलो, व्हिक्टोरिया टर्मिनससकट. बेकहॅमला कुणीतरी मराठी माणूस भेटवायला हवा होता. साहेबांची वेलांटी मात्र कुठल्याच भाषेत बसत नव्हती.

रक्त पिशवीत उतरत असताना साहेबांनी डॉक्टरांना विचारलं, “हे जात का नाही? पन्नास वर्षं झाली. कातडी तर बदलते म्हणतात.”

डॉक्टरांनी मोजक्या शब्दांत सांगितलं. वरची कातडी झडत राहते, शाई मात्र तिच्या खालच्या थरात असते. तिथल्या रक्षक पेशी शाईचा कण परका समजून गिळतात, पण पचवता येत नाही, म्हणून घेऊन बसतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर अभ्यास करून दाखवलं, की ती पेशी मेली की कण मोकळा होतो, आणि लगेच शेजारची नवी पेशी तो गिळून बसते. पुढे तीही मरते, मग तिसरी.

साहेबांनी आणि मी एकाच वेळी एकमेकांकडे बघितलं. निर्णय होत नाही, फाईल बंद होत नाही, अधिकारी निवृत्त होतो आणि दुसरा चार्ज घेतो. शरीरातसुद्धा आस्थापना विभाग आहे.

तेवढ्यात ती मुलगी बिस्किटांचं ताट घेऊन साहेबांजवळ आली. ताट धरलेला हात साहेबांच्या डोळ्यांसमोर.

“काय आहे हो ते?” साहेबांनी विचारलं. गेल्या दोन महिन्यांत तिला हा प्रश्न कुणी सरळ विचारलाच नव्हता.

“राजगड, सर. तोरण्यावरून दिसतो तसा. हा मधला उंचवटा बालेकिल्ला, ही इकडची संजीवनी माची.”

“राजगड?” साहेब सुईसकट उठायला निघाले. डॉक्टरांनी खांदा दाबून निजवलं. “अहो, मग आधी सांगायचं ना तसं!”

संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या शाखांत. थकबाकीचा आलेख म्हणणारे कर्ज विभागवाले मनगट बघून “वा” म्हणून गेले. पेन्शनर आजोबांना मी लेखी कळवलं, आणि त्यांनी उलटटपाली मुलीचं अभिनंदन करून ‘सुवेळा माची दिसत नाही, ती का वगळली’ अशी विचारणा केली. मला मात्र हे सगळं फारसं पटलं नाही. त्या रेषा राजगडाच्या निघाल्या म्हणून ती वाचली. उद्या त्या नुसत्याच रेषा असत्या, एखाद्या संध्याकाळी मैत्रिणींबरोबर हौसेनं काढलेल्या, तर तिचं प्रोबेशन वाढलं असतं, हे मला माहीत आहे, कारण ते पत्र मीच लिहिलं असतं. वसुलीप्रमुखांनी तर लगेच विचारलं, विंचू ही वृश्चिक रास समजून धार्मिक सदरात घेता येईल का.

शुद्धिपत्रकाच्या फाईलवर साहेबांचा शेरा आला: ‘तूर्त ठेवावे.’ आमच्याकडे तूर्त म्हणजे साधारण दोन पिढ्या.

जुलैत मुलगी कायम झाली. तिचं सेवापुस्तक उघडायचं होतं. नमुन्यादाखल मी माझंच कपाटातून काढलं. पहिल्याच पानावर ‘ओळखीच्या खुणा’ असा रकाना आहे. माझ्यापुढे लिहिलंय: ‘१. डाव्या दंडावर देवीच्या लशीचे दोन व्रण.’ लहानपणी सरकारनं टोचलेले ते गोल डाग, माझ्या वयाच्या सगळ्यांच्या हातावर आहेत. म्हणजे ओळखीची खूण म्हणून त्यांचा काय उपयोग, हे कुणालाच सुचलं नाही. खाली: ‘२. हनुवटीवर तीळ.’ तो दाढीखाली गेला. काकूंचं पुस्तक काढलं, तर त्यात कुणीतरी १९९४ साली सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलेलं: ‘कपाळी व हनुवटीवर गोंदण.’ म्हणजे बँकेनं ते पाहिलं होतं, लिहून घेतलं होतं, शिक्का मारला होता.

मुलगी समोरच्या खुर्चीत बसली होती. अर्ध्या बाह्या, घड्याळ नाही. मी पेन उघडून लिहिलं: ‘१. डाव्या मनगटावर राजगड.’ मग तिच्याकडे बघितलं. तीळ नाही, व्रण नाही, कुठं पडल्याची खूण नाही. आताची मुलं पडतसुद्धा नाहीत.

“दोन लागतात,” मी म्हटलं. “फॉर्मला दोन खुणा लागतात, आणि तुमच्याकडे एकच दिसतेय.”

तिनं जरा विचार केला.

“मग दुसरी काढून येऊ का, सर?”